शेंबी

चाकूच्या मुठीत पोलादाचं शेपूट ठोकताना
लाकूड फाटतं ते नेहमी तोंडाशी.
म्हणून तिथे एक कडं चढवतात, बोटभरही रुंद नाही.
आपण त्याला शेंबी म्हणतो.
फ्रान्समधल्या त्येर गावात म्हणतात विरोल,
आणि गावाखालून धावणारी नदी द्यूरोल.
यमक कुणी मुद्दाम जुळवलेलं नाही.
जुळलंय, एवढंच.

आन्सेल्म ब्रुजिएर एकोणचाळीस वर्षं विरोल कापतो आहे.
पितळेची नळी, केसाएवढी करवत, कानस.
त्याचा बाप फिरत्या दगडावर पालथा पडून
पाती घासायचा, पायांवर कुत्रं घेऊन, उबेपुरतं.
"आमच्या घराण्यात बसून खाणारा मी पहिला,"
आन्सेल्म म्हणतो, आणि स्टूल पुढे ओढतो.

शेफील्डचा व्यापारी थ्रेलफॉल
दर सप्टेंबरात येतो, नग मोजतो,
आणि म्हणतो, फेरूल.
"विरोल."
"फेरूल. फेर्रम. लॅटिन. लोखंड. उघड आहे."
"हे पितळ आहे."
"शब्दाला काय त्याचं?"
त्याच्या आजोबांच्या शाळेत मास्तरांच्या छडीचं नावही
जवळजवळ हेच होतं, म्हणाला,
आणि तळहात उघडून दाखवला,
जणू वळ वारशात मिळतात.

लेओनी, आन्सेल्मची बायको, टपाल कचेरीतून निवृत्त,
शब्दकोडी पेनाने सोडवणारी.
तिने कोश आणला, चीजची ताटली सरकवली,
आणि मधोमध ठेवला.
विरिया: मनगटातलं कडं. गॉल लोकांचं.
रोमनांनी त्यांच्याकडून ते नाव घेतलं,
(कडीही घेतली असतील, कोश गप्प आहे)
आणि लाडाने लहान केलं: विरिओला.
म्हणजे वाळाच की, बाळाच्या हातातला.
"लोखंड फार नंतर शिरलं," लेओनी म्हणाली,
"तुमच्या तोंडात.
ऐकणाऱ्याला वाटलं, धातू आहे ना,
मग लोखंडच असणार."
थ्रेलफॉलने चीज संपवलं. सगळं.

त्या हिवाळ्यात लेओनीचा हात सुजला.
साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला,
चांदीचं कडं सरकेना.
दवाखान्यातली नर्स कातरी घेऊन आली, तर लेओनी म्हणाली,
"थांबा. माझ्या घरी माणूस आहे."
आन्सेल्म करवत खिशात घालून बसने गेला.
कातडी आणि चांदीमध्ये त्याने पत्र्याचा तुकडा सरकवला
आणि कापलं, श्वास धरून,
एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदाच
आत कुणीतरी असलेलं वर्तुळ.

कापलेलं कडं काहीच धरत नाही.
वर्षभर ते खिळ्यांच्या डब्यात पडून होतं, तोंड वासून.

मग तिच्या काठीला चीर गेली, मुठीच्या लगेच खाली,
जिथे जाते तिथेच.
आन्सेल्मने कड्यातली निम्म्याहून जास्त चांदी काढली,
टोकं जुळवली, डाग दिला,
तापवलं, आणि गरम असतानाच काठीवर ठोकलं.
थंड होताना ते आवळत गेलं.
"चांदी मऊ असते," तो म्हणाला, "झिजेल."
"कोण आधी, बघू," ती म्हणाली.
आता ते तिच्या मनगटापासून चार बोटं खाली आहे.
लहान झालंय.
नावाप्रमाणेच, असं तिने नंतर सांगितलं,
त्याच्या हे लक्षातही आलं नव्हतं.

गावात चढ आहे आणि उतार आहे, सपाट काही नाही.
ती नदीपर्यंत जाते, येताना दोनदा थांबते.

यंदा थ्रेलफॉल आला नाही, गुडघा दुखतो म्हणे.
पत्र आलं: चारशे नग,
आणि त्यापुढे शब्दाच्या सुरुवातीचा एफ खोडून
वर काढलेला एक वाकडा व्ही.
लेओनीने ते पान कोशात जपून ठेवलं.
पैसे तीन महिने उशिरा आले.